अग्नी तोच, वाट नवी

पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून नेमाने वाचायचे असे ठरवणारे बहुतेक लोक लेवीय पुस्तकापाशी अडतात. उत्पत्ती गोष्टींच्या ओघात वाचून होते. निर्गमात तांबडा समुद्र ओलांडेपर्यंत उत्कंठा टिकते. पुढे मात्र पडद्यांची लांबी-रुंदी येते, आकड्या-कड्या येतात, चरबी आणि गुरदे येतात, कातडीवरचा चट्टा सात दिवसांनी पुन्हा कसा तपासायचा तेही येते. इथे पुस्तक मिटते आणि वाचक थेट मत्तयाकडे वळतो. मधला टप्पा गाळला गेल्याने एक समजूत नकळत पक्की होऊन बसते : जुन्या करारातला देव कडक, जवळ गेलेल्याला मारणारा, नव्या करारातला देव प्रेमळ, कुणालाही कसाही जवळ घेणारा. हे पुस्तक त्या समजुतीची झाडाझडती घेण्यासाठी लिहिले आहे.

समजूत आजची नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे गावचा मार्शियन रोमला आला आणि त्याने ती शेवटच्या टोकापर्यंत नेली. इब्री शास्त्रातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असे त्याने मांडले. जुना करार त्याने पूर्ण टाकून दिला. लूकचे शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे, तीही छाटून, एवढेच शास्त्र शिल्लक ठेवले. १४४ साली रोमच्या मंडळीने त्याच्याशी संबंध तोडला. त्याची शिकवण पाखंड ठरली, पण त्याची सवय मंडळीतून गेली नाही. आपण जुन्या करारातली स्तोत्रे आणि दोन-चार आश्वासने ठेवतो आणि याजक, वेदी, रक्त, पडदा हे सगळे अडगळीत टाकतो, तेव्हा मार्शियनचे नाव न घेता त्याचेच काम पुढे चालवत असतो.

या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : देवाची पवित्रता दोन्ही करारांत एकच आहे, आणि माणसांमध्ये राहण्याची त्याची इच्छाही दोन्हींत एकच आहे. बदलली ती वाट. जुन्या करारातल्या मर्यादा घातल्या गेल्या, त्या देव जवळ आल्यावर माणसे जिवंत राहावीत म्हणून. नव्या करारात वाट मोकळी झाली. ती ज्याच्यापाशी पोचते, त्याचे तेज मात्र तसूभर उणे झालेले नाही.

सुरुवात सीनायपाशी होते. डोंगराभोवती हद्द आखली जाते, लोक कपडे धुऊन तिसऱ्या दिवसाची वाट पाहतात. माणूस असो वा जनावर, जो डोंगराला शिवेल तो मरेल, असे बजावले जाते. मग धूर, गडगडाट, शिंगाचा चढत जाणारा आवाज. निर्गमाचा हा एकोणिसावा अध्याय सगळ्यांना ठाऊक असतो. पाचच अध्याय पुढे त्याच डोंगरावर मोशे, अहरोन, नादाब, अबीहू आणि इस्राएलाचे सत्तर वडील वर जातात, देवाला पाहतात आणि तिथे बसून खातात-पितात, याची आठवण मात्र क्वचितच निघते. चोविसाव्या अध्यायात आधी कराराचे रक्त वेदीवर आणि लोकांवर शिंपडले जाते आणि मग हे जेवण होते. हद्द आणि पंगत एकाच डोंगरावर आहेत, आणि दोहोंच्या मध्ये रक्त आहे. पुढची सारी व्यवस्था याच क्रमाने चालते.

खरा पेच सोन्याच्या वासराच्या प्रकरणात उभा राहतो. लोकांनी करार मोडल्यावर देव मोशेला सांगतो, की तुम्हाला देश मिळेल, पुढे दूत जाईल, पण मी स्वतः तुमच्यामध्ये येणार नाही. आलो तर वाटेतच तुमचा नाश होईल. म्हणजे दुरावा ही इथे सुरक्षिततेची सोय आहे. मोशे ती सोय नाकारतो : तू येणार नसशील तर आम्हाला इथून हलवू नकोस. शेवटी देव यायचे कबूल करतो, आणि लेवीय पुस्तक या कबुलीतून निघते. पवित्र देव पापी लोकांच्या छावणीत, त्यांच्या तंबूंच्या मधोमध राहायला येणार असेल, तर राहणे-वावरणे कसे असावे, हा त्या पुस्तकाचा विषय आहे. देव लांबच राहणार असता तर या नियमांची गरजच पडली नसती.

म्हणून निवासमंडपाचा आराखडा नीट पाहिला पाहिजे. अंगण शंभर हात लांब, पन्नास हात रुंद. भोवती पाच हात उंच कनाती. एक हात म्हणजे सुमारे दीड फूट, तेव्हा उभ्या माणसाला आतले काही दिसू नये एवढी ती उंची. दार एकच, पूर्वेला. पण ते चांगले वीस हात रुंद. आत शिरताच समोर पितळेने मढवलेली वेदी. तिला वळसा घालून पुढे जाता येत नाही असे नाही, पण वेदीवर काही अर्पण न करता पुढे जाण्याला अर्थ नाही. मग गंगाळ, ते सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या पितळी आरशांचे केलेले होते. त्यापुढे मंडप. त्याच्या पहिल्या दालनात दीपवृक्ष, समर्पित भाकरींचे मेज, धूपवेदी. तिथे फक्त याजक. त्यानंतर निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताचा, करूब विणलेला अंतरपट. त्यामागे दहा हात लांब, दहा हात रुंद, दहा हात उंच अशी खोली. तिच्यात खिडकी नाही, दिवा नाही. आज्ञापटाचा कोश आणि त्यावर दयासन, एवढेच.

या वास्तूत पहिल्यांदा सेवा सुरू झाली तो दिवस लेवीय ९ मध्ये आहे. मोशे आणि अहरोन मंडपात जातात, बाहेर येऊन लोकांना आशीर्वाद देतात, परमेश्वरासमोरून अग्नी निघतो आणि वेदीवरचे अर्पण भस्म करतो. लोक आनंदाने ओरडतात, पालथे पडतात. लगेच पुढच्या अध्यायाच्या आरंभी अहरोनाचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, न सांगितलेला अग्नी धुपाटण्यांत घेऊन पुढे होतात. पुन्हा परमेश्वरासमोरून अग्नी निघतो, आणि या वेळी ते दोघे भस्म होतात. अग्नी एकच. ठरलेल्या वाटेने आलेल्यांचे अर्पण त्याने स्वीकारले, वाट सोडलेल्यांचा त्याने अंत केला. विशेष म्हणजे सीनायवर देवासमोर बसून जेवलेल्यांत हे दोघेही होते. काल जवळ जाऊन आलो, म्हणून आज कसेही गेले तरी चालेल, असा हिशेब तिथे चालत नाही.

उज्जाची गोष्ट वाचताना बहुतेकांचे मन कचरते. दावीद कोश यरुशलेमास आणत असताना बैल अडखळले, उज्जाने कोश सावरायला हात लावला आणि तो जागीच मेला. हेतू तर चांगला होता! पण कोश मुळात गाडीवर असायलाच नको होता. कहाथी लेव्यांनी तो दांड्यांना धरून खांद्यांवर वाहायचा, हात लावायचा नाही, असे गणना पुस्तकात स्पष्ट सांगितलेले आहे. गाडीवर कोश ठेवून पाठवण्याची रीत पलिष्ट्यांची. ती इथे उचलली गेली. दावीद घाबरला, रागावला, आणि कोश ओबेद-अदोमाच्या घरी राहिला. तिथे तीन महिने काय झाले? त्या घराला आशीर्वाद मिळाला. ज्या कोशापाशी एक माणूस मेला, त्याच कोशाने एका घराचे भले केले. मग दावीदाने तो खांद्यांवरून आणला आणि त्याच्यापुढे नाचला. भय आणि नाच एकाच अध्यायात आहेत. त्यातले एक काढून टाकले तर दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न येणारच, आणि तो टाळता येत नाही. पंढरपुरात देवळाच्या दाराबाहेर पायरीशी चोखोबांची समाधी आहे. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. दार, हद्द, जन्माने ठरणारा याजक हे शब्द आपल्याकडे जखमेवरचे आहेत. मग हाही तसलाच सोवळ्याचा प्रकार नव्हे काय? साम्य आहे, ते मान्य करावे. याजकपण अहरोनाच्या वंशालाच होते, आणि त्या वंशातही अंगात व्यंग असलेल्याला वेदीची सेवा नव्हती. पण मोशेच्या नियमशास्त्रात एका माणसाच्या स्पर्शाने दुसरा जन्मभर बाटतो असा वर्ग नाही. अशौच येते तसे फिटते, आणि ते याजकालाही लागते. गणना १५ प्रमाणे परदेशी माणूसही इस्राएलासारखेच, त्याच विधीने अर्पण आणू शकतो. गरिबासाठी कोकराऐवजी दोन पारवे चालतात. तेही परवडत नसतील तर पापबलीसाठी सपीठही चालते. आणि सर्वांत मोठी गोष्ट : अंतरपटाबाहेर प्रमुख याजकही उभा आहे. वर्षातला एक दिवस सोडला तर त्यालाही आत जागा नाही. आडवे येते ते पाप, आणि ते त्याच्याही अंगी आहे.

तो एक दिवस म्हणजे सातव्या महिन्याची दहावी तिथी, प्रायश्चित्ताचा दिवस. लेवीय १६ मध्ये त्याचा विधी आहे, आणि इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहाच्या ‘योमा’ प्रकरणात दुसऱ्या मंदिरातल्या चालीरीतींची आठवण आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. सात दिवस आधी प्रमुख याजकाला घरातून मंदिरातल्या खोलीत आणले जाई. त्याला काही झाले तर हाताशी असावा म्हणून दुसरा याजक नेमून ठेवत. वडील मंडळी त्याच्याकडून शपथ घेत, की सांगितलेल्या विधीत तू काही फेरफार करणार नाहीस. तो रडे आणि शपथ घेणारेही रडत. आदल्या रात्री झोपायचे नाही. डुलकी लागू लागली तर तरुण याजक त्याच्यापुढे बोटे वाजवत, त्याला थंडगार फरशीवर उभे करत. दिवसभरात पाच स्नाने आणि दहा वेळा हातपाय धुणे.

एरवी त्याचा पोशाख राजाला लाजवणारा असे : अंगरख्याच्या घेराला सोन्याची घुंगरे आणि डाळिंबे, छातीवर बारा वंशांची नावे कोरलेली बारा रत्ने, कपाळी सोन्याची पाटी. परमपवित्रस्थानात जाताना हे सगळे उतरवायचे आणि साधी पांढरी तागाची वस्त्रे घालायची. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा. मग धुपाटण्यातला धूप, अशासाठी की त्याच्या ढगाने दयासन झाकले जावे आणि आपण मरू नये. मग रक्त : दयासनावर एकदा, त्याच्यापुढे सात वेळा. लोकांच्या पापासाठी बकरा, त्याचेही रक्त तसेच. दुसऱ्या जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्या इस्राएलाची पापे कबूल करायची आणि त्याला रानात घालवून द्यायचे. मिश्ना सांगते, की बाहेरच्या दालनात याजक प्रार्थना करी ती अगदी थोडकी, कारण उशीर झाला तर बाहेर लोकांच्या जिवाला घोर लागे. सुखरूप बाहेर आल्यावर तो आपल्या स्नेह्यांना जेवण देई.

याच संदर्भात उपदेशांतून एक गोष्ट वारंवार सांगितली जाते : प्रमुख याजकाच्या पायाला दोर बांधत, घुंगरे थांबली की तो मेला असे समजून ओढून काढत. ती सोडून द्यावी. दोराचा उल्लेख पवित्र शास्त्रात नाही, मिश्नातही नाही. तो फार उशिरा, मध्ययुगातल्या ज्यू गूढ साहित्यात येतो. शिवाय घुंगरांचा अंगरखा त्या खोलीत जाताना अंगावर नसेच. मूळ वर्णनच इतके भारलेले आहे की त्याला पदरची भर घालण्याचे कारण नाही.

या दिवसाचा एक धागा आपल्या कोकणातूनही गेला आहे. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारा, मराठी बोलणारा बेने इस्राएल समाज मंदिर, याजक आणि ग्रंथ यांपासून शतकानुशतके तुटलेला होता. तरी त्याने हा दिवस सोडला नाही. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, उपास धरून, दारे लावून ही मंडळी घरात बसत, आणि त्या सणाला दारफाळणीचा सण म्हणत. या समाजाचे मुंबईतले पहिले सभास्थान १७९६ साली बांधले गेले. त्याच्या इब्री नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’ असा आहे. बंद दारांचा सण आणि दयेचे द्वार, दोन्ही एकाच समाजाने जपले. जुन्या कराराचे मन समजायला यापेक्षा जवळचे उदाहरण मराठी माणसाला मिळणार नाही.

या व्यवस्थेला तिच्या मर्यादा होत्या आणि त्या तिने लपवल्या नाहीत. विधी दरवर्षी करावा लागे, म्हणजे गेल्या वर्षीचा पुरला नव्हता. उद्दामपणे, हात उगारून केलेल्या पापासाठी तर बळीच नव्हता. मंडपातल्या सामानात आसन कुठेच नाही, याजकाने सदा उभेच राहायचे. काम संपतच नव्हते. म्हणून यिर्मया नव्या कराराचे भाकीत करतो : नियम दगडावर न राहता हृदयावर लिहिले जातील, आणि पाप पुन्हा आठवले जाणार नाही.

मध्यंतरी माणसांनी आपल्या पदरच्या भिंती वाढवल्या. हेरोदाच्या मंदिरात परराष्ट्रीयांचे अंगण, स्त्रियांचे, इस्राएली पुरुषांचे आणि याजकांचे अशी उतरंड होती. निवासमंडपाच्या आराखड्यात यांतली पहिली दोन अंगणे नाहीत. परराष्ट्रीयांच्या अंगणाच्या कडेला दगडी कठडा होता आणि त्यावर ठिकठिकाणी इशारा कोरलेला होता, की कठड्याच्या आत सापडणारा परका स्वतःच्या मरणाला स्वतः जबाबदार राहील. त्यातली एक अखंड ग्रीक शिळा फ्रेंच पुरातत्त्वज्ञ क्लेरमाँ-गानो यांना १८७१ मध्ये यरुशलेमात सापडली. आज ती इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पौलाला अटक झाली ती याच कठड्यावरून : त्रफिम नावाच्या इफिसकराला त्याने आत नेले, असा आरोप होता. तोच पौल इफिसकरांस पत्रात ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असे लिहितो, तेव्हा ती भिंत कल्पनेतली नसते. तिच्यापायी त्याच्या जिवावर बेतले होते.

मार्क सांगतो, की वधस्तंभावर येशूने प्राण सोडला तेव्हा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. वरून, म्हणजे माणसाच्या हाताने नव्हे. पण याची तयारी आधीच्या अध्यायांत दिसते. कुष्ठरोग्याला शिवले की अशौच यायचे. येशू शिवतो आणि कुष्ठ जाते. बारा वर्षे रक्तस्राव होणारी बाई त्याच्या वस्त्राला शिवते. तिच्यामुळे तो अशुद्ध होत नाही, त्याच्यामुळे ती बरी होते. पवित्रता इथे मागे सरत नाही, पुढे होऊन अशुद्धतेला गाठते. तरीही तो त्या कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन मोशेने नेमलेले अर्पण करायला सांगतो. जुन्या व्यवस्थेची थट्टा तो कुठेच करत नाही.

या सगळ्याचा हिशेब इब्री लोकांस पत्रात मांडलेला आहे. लेखकाचे नाव पत्रात नाही, पण लेवीय त्याला तळहातासारखे पाठ आहे. यहूदा वंशातला येशू याजक कसा, याचे उत्तर तो मलकीसदेकाच्या परंपरेने देतो. हा याजक स्वतःच अर्पण आहे, एकदाच आत गेला, आणि काम संपल्यामुळे बसला. म्हणून आपण धैर्याने जवळ यावे. पण हाच लेखक बाराव्या अध्यायात सीनाय आणि सियोन शेजारी ठेवतो, तुम्ही सियोनेपाशी आला आहात असे सांगतो, आणि शेवट करतो तो आपला देव भस्म करणारा अग्नी आहे या आठवणीने. सियोनेवर येऊनही अग्नी विझलेला नाही. प्रेषितांची कृत्ये पुस्तकात खोटे बोलून जागीच मेलेले हनन्या आणि सप्पीरा हे याच बाजूचे, पडदा फाटल्यानंतरचे आहेत. करिंथच्या मंडळीत प्रभूचे भोजन बेपर्वाईने घेणारे आजारी पडले, काही मेले, हेही पौल नव्या कराराच्या लोकांना लिहितो.

आपल्या मंडळ्यांत आज दोन टोके दिसतात. एकीकडे प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी आणि उपासना म्हणजे जाता-येता उरकण्याची गोष्ट. दुसरीकडे वर्षानुवर्षे प्रभुभोजनाला न येणारी, ‘मी त्या लायकीची नाही’ म्हणणारी माणसे. पहिल्यांना लेवीय सांगावे लागते आणि दुसऱ्यांना इब्री. पण खरे तर दोघांनाही दोन्ही सांगावे लागतात. पवित्रतेची जाणीव नसेल तर उघड्या दाराचे अप्रूप वाटत नाही, आणि दार उघडले आहे हे ठाऊक नसेल तर पवित्रतेची जाणीव माणसाला कोपऱ्यात बसवते.

दोन्ही करार एकत्र सांगण्याची मराठीतली परंपरा जुनी आहे. १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातल्या श्रोत्यांसाठी पहिले पुराण आणि दुसरे पुराण अशी मांडणी केली. पहिल्याशिवाय दुसरे उभे राहत नाही हे त्यांना कळले होते. हे पुस्तक त्याच क्रमाने जाते. पहिल्या भागात सीनाय, निवासमंडप, अर्पणे आणि प्रायश्चित्ताचा दिवस; दुसऱ्यात राजे, संदेष्टे आणि दोन मंदिरे; तिसऱ्यात शुभवर्तमाने, इब्री आणि प्रकटीकरण. शेवटच्या प्रकरणात प्रकटीकरणातले नगर येते. त्याची लांबी, रुंदी आणि उंची सारखी आहे, परमपवित्रस्थानासारखीच. त्यात मंदिर नाही, आणि कपाळी देवाचे नाव आहे ते एका प्रमुख याजकाच्या नाही, तिथल्या प्रत्येकाच्या.

वाचकाने एवढेच करावे : प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी दिलेला शास्त्रभाग आधी मुळातून वाचावा, मग माझे विवेचन. विवेचन पटले नाही तरी चालेल, पण लेवीय १६ आणि इब्री ९-१० हे भाग एका बैठकीत वाचल्याशिवाय पुस्तक खाली ठेवू नये. प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारावेत : इथे देव जवळ येण्यासाठी काय करतो आहे, आणि त्याच्या जवळ येण्याने माणसाला काय सोडावे लागते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि दुसऱ्याचे मिळाले नाही, तर तो भाग पुन्हा वाचावा. पहिले प्रकरण निर्गम १९ वर आहे.